बेन जॉन्सन : नुसता घोडेस्वार, की नट?

विटेकर (विटा, जि. सांगली)

मंडळी, एक नट डोक्यात बसलाय आणि त्याच्याबद्दल नीट बोलायला आसपास कोणी नाही, म्हणून इथं विचारतोय.

गेल्या दिवाळीपासून मी जुने अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयांचे सिनेमे, पाहतोय. आधी 'द वाइल्ड बंच' (१९६९) पाहिला. शेवटी चौघं जण बंदुका घेऊन सरळ मरणाकडं चालत जातात, त्यातला एक उंच, रुंद चेहऱ्याचा गडी लक्षात राहिला. मग 'शेन' लावला, तर तिथं हाच माणूस तरुण वयात, दारूच्या गुत्त्यात हिरोच्या सदऱ्यावर व्हिस्की ओतणारा. मग 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये घोडदळाचा सार्जंट, पुन्हा हाच. नाव शोधलं, बेन जॉन्सन. 'द लास्ट पिक्चर शो'साठी त्याला ऑस्करही आहे.

आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र म्हणतो, "घोडा बरा चालवायचा म्हणून घेत होते त्याला. ऑस्कर मिळालं तेही दहा मिनिटांच्या कामाला. नट म्हणून त्यात काय आहे?" मला हे अजिबात पटत नाही, पण त्याला उत्तर देता येईना. आणखी एक कोडं आहे. १९४८ ते १९५० या काळात दिग्दर्शक जॉन फोर्डच्या एकामागून एक सिनेमांत तो आहे आणि त्यानंतर फोर्डकडं एकदम दिसतच नाही. काय झालं होतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं, वाचायला वेळ भरपूर आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

घाईत लिहितोय. जन्म १३ जून १९१८, ओक्लाहोमातलं फोरेकर. वडीलही बेन जॉन्सनच, त्या मुलखातले नावाजलेले रोडिओ (काऊबॉयांचे घोड्यांवरचे, गुरांशी सामने) खेळाडू आणि मोठ्या रँचचे, म्हणजे गुरं पाळायच्या मळ्याचे, मुकादम. मृत्यू ८ एप्रिल १९९६, ॲरिझोनातल्या मेसा इथं, आईला भेटायला गेलेला असताना. बाकी माणदेशी डॉक्टर लिहितीलच, त्यांचा हा जिव्हाळ्याचा विषय.

---

माणदेशी_डॉक्टर (सातारा)

विटेकर, तुमच्या मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे. जॉन्सनला सिनेमात आणलं ते घोड्यांनीच. पण "घोडा बरा चालवायचा" एवढ्यावर ते सोडून देता येत नाही, कारण त्याची सगळी कमाई तिथंच आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी खटाव-माण पट्ट्यात गेली. खिलार बैल, म्हशी, मेंढ्या आणि मेंढपाळांची ओझ्याची तट्टं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात आमची ड्यूटी असायची. तिथं बैलाआधी मी धरणाऱ्याचा हात बघायचो. जनावरांत वाढलेला माणूस कासरा ताणून धरत नाही. हात सैल असतो, पण बैलानं मान फिरवायच्या आत तो पुढं सरकलेला असतो. हे शिकवून येत नाही.

त्यामुळं पडद्यावर कोणी घोड्यावर बसला की माझी नजर आधी त्याच्या हाताकडं जाते. पुष्कळ मोठमोठे नट लगाम खेचून धरतात. मग घोडा तोंड उघडतो, मान वर टाकतो, कान मागं पाडतो. तो बिचारा आपलं दुखणं सांगत असतो आणि नट वर बसून शौर्याचं बोलत असतो. जॉन्सनच्या घोड्याचे कान बघा, कायम पुढं. 'यलो रिबन'मध्ये सार्जंट टायरी एकटा टेहळणीला जातो आणि शायेन टोळीचे स्वार त्याच्या मागं लागतात, तो पाठलाग जरूर पुन्हा बघा. घोडा चौखूर सुटलाय, खाली मॉन्युमेंट व्हॅलीची उघडी-बोडकी जमीन, आणि वर त्याची मांड अशी की खोगीर आणि माणूस यांच्यात बोटभर फट पडत नाही. पुढं घळ येते. घळीवरून घोडा उडी घेतो तेव्हा जॉन्सन हात पुढं सोडतो, घोड्याला मान लांबवायला जागा देतो आणि पलीकडं पाय टेकल्यावर अलगद पुन्हा आवरतो. तो तांबडा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा म्हणजे स्टील. तो त्याच्या सासऱ्यांचा. सासरे क्लॅरन्स 'फॅट' जोन्स हॉलिवुडला भाड्यानं घोडे पुरवायचे.

आता सुरुवातीपासून सांगतो. ओक्लाहोमात तो रँचवर काऊबॉय होता, पगार दिवसाला एक डॉलर. १९४० च्या सुमाराला सिनेनिर्माता हॉवर्ड ह्यूजेसनं 'द आउटलॉ'साठी त्या रँचवरून घोडे विकत घेतले आणि ते पोचवायला हा पोरगा सोबत गेला. हॉलिवुडचा पहिला चेक मिळाला तीनशे डॉलरचा. दिवसाला डॉलर कमावणाऱ्याला ती जवळजवळ वर्षभराची मजुरी. त्यानंतर मला दांडक्यानं हाणलं असतं तरी मी ओक्लाहोमाला परतलो नसतो, असं तो पुढं सांगायचा. मग घोडे सांभाळणं, घोड्यावरून पडणं, मोठ्या नटांच्या जागी धोक्याची दृश्यं करणं. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट, सगळ्यांच्या बदल्यात तो घोड्यावर बसलाय. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं तो पडद्यावर होता आणि त्याचा चेहरा कोणाला दिसत नव्हता.

चेहरा दिसला तो 'फोर्ट अपाची'मुळं (१९४८). त्यात तो हेन्री फोंडाच्या जागी घोडेस्वारी करत होता. शूटिंग चालू असताना एका गाडीचे घोडे उधळले, गाडीत तीन माणसं. जॉन्सन जवळच घोड्यावर होता. त्यानं टाच मारली, पुढं जाऊन ते घोडे धरले आणि तिघं वाचले. फोर्ड म्हणाला, याचं बक्षीस मिळेल. याला वाटलं, फार तर आणखी एखाद्या सिनेमात स्टंटचं काम. हातात आला सात वर्षांचा नट म्हणून करार! आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसला तिथंच वाचन थांबवलं आणि सही केली, असं तो स्वतः सांगायचा.

इथं विचार करा. फोर्डनं त्याची कुठलीही परीक्षा घेतली नव्हती. उधळलेल्या घोड्यांकडं कोणी न सांगता जाणारा माणूस त्यानं बघितला आणि तो माणूस त्याला सिनेमात हवा होता. पुढच्या भूमिका बघितल्या तर फोर्डनं त्याला तेवढंच करायला लावलं. टायरी काय करतो? खुणा बघतो, बाण कुठल्या टोळीचा ते सांगतो आणि कप्तानानं मत विचारलं की आपलं ते खातं नव्हे म्हणतो. पण मत मात्र बरोबर देतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या सैन्यात कप्तान होता, हरल्यावर उत्तरेच्या सैन्यात सार्जंट झाला. एवढी मोठी गोष्ट त्या पात्राच्या पोटात आहे आणि जॉन्सन तिचं प्रदर्शन मांडत नाही. जुना सेनापती साधा शिपाई म्हणून मरतो, त्या वेळी टायरी ज्या अदबीनं बोलतो, तेवढ्यात सगळं कळतं.

'वॅगन मास्टर'मध्ये (१९५०) तर तोच नायक आहे, घोड्यांचा व्यापारी. हा माझा सगळ्यात आवडता. तुमच्या मित्राला आधी हाच दाखवा.

---

नाट्यपंढरी (सांगली)

डॉक्टर, घोड्याबद्दल तुमच्यापुढं बोलण्याइतकं ज्ञान माझ्याकडं नाही. पण विटेकरांच्या मित्राचा आक्षेप नट म्हणून आहे, आणि त्याचं उत्तर घोड्यावरून खाली उतरलेल्या जॉन्सनमध्ये शोधायला हवं. मी हौशी रंगभूमीवर पुष्कळ कामं केलीत, भावे नाट्यमंदिरात प्रवेशापुरत्या भूमिकाही केल्यात. दोन प्रवेशांत पूर्ण माणूस उभा करणं किती अवघड असतं ते मला चांगलं माहीत आहे.

'द लास्ट पिक्चर शो' १९७१ चा, दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच. टेक्ससमधलं मरत चाललेलं छोटं गाव, सगळा सिनेमा कृष्णधवल. चित्रीकरण आर्चर सिटीत झालं. जॉन्सन आहे सॅम द लायन. गावातलं थिएटर त्याचं, पूल खेळायचा अड्डा त्याचा, कॅफेही त्याचाच. जॉन्सननं आधी काम नाकारलं होतं. संवाद फार आहेत आणि त्यात शिव्या आहेत, त्या मी बोलणार नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी बोग्दानोविचनं जॉन फोर्डलाच फोन करायला सांगितलं, तेव्हा हा तयार झाला. आणि आपल्या वाट्याच्या शिव्या त्यानं काढायला लावल्या.

माझ्या मते तो सिनेमा त्यामुळं उंच गेला. एका प्रसंगात गावची पोरं एका मुक्या, भोळ्या मुलाची क्रूर थट्टा करतात. सॅमला कळतं. तो त्यांना सांगतो की असला हलकटपणा आयुष्यभर बघत आलोय आणि आता सोसायचा कंटाळा आलाय, माझ्या जागेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आवाज चढत नाही. आवाज न चढवता रंगमंच ताब्यात ठेवणं काय असतं ते शिकायला आमच्या तालमींत हा तुकडा दाखवावा असं मला फार वाटतं.

आणि तळ्याकाठचा प्रसंग. सॅम पोरांना घेऊन मासे धरायला बसलाय. वीसेक वर्षांपूर्वी याच तळ्यावर एका तरुण बाईला घेऊन आलो होतो, ते तो सांगतो. घोडे घालून तळं पार करू, म्हणाली. माझ्या आधी पलीकडं पोचेन म्हणून तिनं चांदीच्या डॉलरची पैज लावली, आणि पोचलीसुद्धा. कॅमेरा सावकाश त्याच्या चेहऱ्याकडं सरकत जातो. जॉन्सन काहीच करत नाही असं वाटतं. नजर पाण्यावर. मध्येच डोळ्यांच्या कडेला हसू येतं आणि ते पुरतं उमटायच्या आत वयाची आठवण होते. लांबलचक स्वगतात प्रेक्षकाकडं एकदाही सहानुभूती न मागणं हे कसलेल्या नटालाही जमत नाही हो.

दहा मिनिटांचं काम, हे बरोबर. पण सॅम मधेच जातो आणि पुढचा सगळा सिनेमा त्याच्यावाचून पोरका वाटतो. शेवटी थिएटर बंद पडतं तेव्हा आपल्याला सॅमच आठवतो. ऑस्करच्या जोडीला गोल्डन ग्लोब आणि बाफ्ता ही दोन्ही पारितोषिकं याच कामाला मिळाली. त्याच विभागात त्याच सिनेमातला जेफ ब्रिजेसही ऑस्करच्या स्पर्धेत होता.

आपल्याकडं कोल्हापूरच्या सिनेमानं असे कितीतरी नट वापरले. गणपत पाटलांना आयुष्यभर एकाच साच्यात ठेवलं. जॉन्सनही पंचवीस वर्षं साच्यातच होता, पण त्याच्यासाठी कोणीतरी सॅम लिहिला आणि कोणीतरी हट्टानं त्याच्याकडं गेलं. आपल्याकडच्या नटांसाठी असा हट्ट फार थोड्यांनी केला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

विटेकर

ताई, डॉक्टर, दोघांचेही आभार. तळ्याचा प्रसंग आत्ताच पुन्हा पाहिला. घोडे पाण्यात घालण्याचं तो बोलतो ते खरं वाटतं, कारण तो माणूस खरंच तसा जगलेला आहे. म्हणजे तुम्ही दोघं एकच सांगताय असं मला वाटतं.

पण डॉक्टर, फोर्डचं राहिलं. आणि मध्येच त्यानं सिनेमा सोडून रोडिओ खेळायला सुरुवात केली असं कुठंसं वाचलं, तेही सांगा.

---

माणदेशी_डॉक्टर

ताईंनी तळ्याचं लिहिलं ते अगदी मनातलं.

फोर्डचं असं. 'रिओ ग्रांदे'चं (१९५०) शूटिंग चालू होतं. संध्याकाळच्या जेवणात जॉन्सन शेजारी बसलेल्या सहनट हॅरी केरी ज्युनियरला सहज म्हणाला की आज गोळीबार पुष्कळ झाला, पण रेड इंडियन काही फारसे पडले नाहीत. फोर्डला ऐकू गेलं. त्याला वाटलं आपल्या कामावर टीका. त्यानं सगळ्यांसमोर याला मूर्ख म्हणून डाफरलं. फोर्डची ती सवयच, वेनसारख्यालाही तो सगळ्यांदेखत रडकुंडीला आणायचा आणि लोक मुकाट सोसायचे, कारण काम त्याच्या हातात. जॉन्सन उठला. जाता जाता फोर्डच्या कानाशी वाकून, तुमच्या सिनेमाचं काय करायचं ते सांगितलं आणि बाहेर पडला. ही हकीकत केरीनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलीय. सिनेमा पुरा झाला, पण त्यानंतर फोर्डनं त्याला बोलावलं ते थेट 'शायेन ऑटम'ला, १९६४ मध्ये.

नटाच्या हिशोबात हा केवढा तोटा! नायक करायला निघालेला दिग्दर्शक गेला. पुढची वीस वर्षं तो दुसरा, तिसरा, चौथा माणूस राहिला. मला मात्र त्याचं ते उठणं पटतं. रँचवर वाढलेल्या माणसाला मालकापुढं राबायला काही वाटत नाही, पण मालकानं जेवणाच्या पंगतीत अपमान करायचा नसतो. ताईंनी शिव्यांचं सांगितलं, तिथंही हाच ताठपणा आहे.

रोडिओचं म्हणाल तर वडिलांचं नाव डोक्यात होतं. १९५३ मध्ये त्यानं सिनेमा बाजूला ठेवला आणि वर्षभर रोडिओचा हंगाम खेळला. प्रकार टीम रोपिंग. दोन स्वार असतात आणि एक गोऱ्हा सुटतो. पहिला स्वार भरधाव जाऊन त्याच्या शिंगांत फास टाकतो आणि त्याला वळवतो. दुसरा मागून येऊन दोन्ही मागच्या पायांत फास घालतो. दोर ताणले की वेळ थांबते. घोड्यालाही किती कळावं लागतं बघा. फास पडल्याक्षणी त्यानं स्वतःहून रेटा धरायचा असतो, स्वाराचे दोन्ही हात तेव्हा गुंतलेले असतात. यात जॉन्सन त्या वर्षीचा जगज्जेता झाला. पण प्रवास, घोड्याचा खुराक, प्रवेश फी सगळं जाऊन हातात तीन डॉलरसुद्धा उरले नाहीत, घरी आलो तेव्हा खिळखिळी मोटार आणि संतापलेली बायको एवढंच होतं, असं तो सांगायचा. मग पुन्हा सिनेमा. रोडिओचा जगज्जेता आणि ऑस्करविजेता असा दुसरा माणूस झालेला नाही.

'शेन' त्याच वर्षी, १९५३ मध्ये लागला. विटेकर, तुम्ही व्हिस्की ओतण्यापाशी थांबलात, पुढं बघा. तोच कॅलोवे नंतर मालकाची नोकरी सोडून रात्री शेनला सावध करायला येतो. का आलो याचं दोन वाक्यांपलीकडं स्पष्टीकरण नाही. पहिल्या प्रसंगात छाती काढून बोलणारा हा माणूस तिथं खांदे पाडून उभा आहे. शेनकडून मार खाल्ल्यावर त्याला लाज वाटू लागली हे त्या खांद्यांवरून कळतं. कुठलाही मोठा नट याच्यापेक्षा अधिक काय करणार?

पुढं दिग्दर्शक सॅम पेकिनपानं त्याला ओळखलं. 'मेजर डंडी', 'वाइल्ड बंच', आणि १९७२ मध्ये 'ज्युनियर बॉनर' आणि 'द गेटअवे'. 'ज्युनियर बॉनर' प्रेस्कॉटच्या खऱ्या रोडिओत चित्रित झालाय. जॉन्सन त्यात रोडिओला बैल पुरवणारा बक रोअन. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेत गेलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. बैलाच्या वशिंडाकडं बघत बघतच समोरच्याशी बोलणारा, पैसे असलेला, पण तोंडावर तसं न दाखवणारा. स्टीव्ह मॅक्वीन हिरो आहे, पण कुंपणाशी दोघं बोलतात तेव्हा माझी नजर जॉन्सनवरून हलत नाही.

आणि 'बाइट द बुलेट' (१९७५) सोडू नका. सातशे मैलांची घोड्यांची शर्यत. त्यात हा म्हातारा काऊबॉय, त्याला नावही नाही, सगळे नुसतं 'मिस्टर' म्हणतात. आयुष्यात शंभर धंदे केले, कशातच नाव झालं नाही, ही शर्यत जिंकली तर लोक ओळखतील, असं तो रात्री जीन हॅकमनला सांगतो. छातीचं दुखणं घेऊन तो घोड्यावर बसतो. एक डॉक्टर म्हणून सांगतो, त्या शर्यतीत घोड्यांचे जे हाल दाखवलेत ते बघवत नाहीत, पण शर्यतीच्या नादात जनावर कसं मारलं जातं हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे वेस्टर्न थोडे. आपल्याकडं बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यात. पोरांना तो जरूर दाखवा.

---

कृष्णाकाठ

गावातले सगळे नट माझ्यापेक्षा चांगले आहेत, पण बेन जॉन्सनचं काम माझ्याइतकं कोणालाच जमत नाही, असं तो म्हणायचा. विटेकर, मित्राला एवढं सांगा.

---

विटेकर

सांगतो. येत्या रविवारी मित्राला घरी बोलावलंय. आधी 'वॅगन मास्टर', जेवणानंतर 'लास्ट पिक्चर शो'. डॉक्टर, 'रिओ ग्रांदे'मध्ये तो दोन घोड्यांवर उभा राहून जातो म्हणे, ते खरंच तो स्वतः आहे का?

---

माणदेशी_डॉक्टर

तो स्वतः आहे. एक पाय एका घोड्याच्या पाठीवर, दुसरा दुसऱ्याच्या, दोन्ही लगाम हातात आणि वाटेत अडथळ्यावरून उडी. सोबतचा हॅरी केरीही स्वतःच आहे, दोघांनी त्यासाठी वेगळा सराव केला होता. प्रसंग सिनेमाच्या सुरुवातीकडंच येतो, तेव्हा रविवारी 'वॅगन मास्टर'च्या आधी तेवढा तुकडा लावा. मित्राला आधी जॉन्सनचे गुडघे बघायला सांगा, मग चेहरा.